हिंगोलीच्या पाटीवरचं माझं नाव

पुण्याहून निघालो तेव्हाच डोकं तापलेलं. हिंगोलीहून बदलून आलेल्या एका इंजिनियराने आठ दिवसांपूर्वी माझी पाठ थोपटली होती. "तुम्ही तिथले टेनिस-विजेते! क्लबातल्या पाटीवर नाव वाचलं की." विजेता? मी? बारा वर्षांपूर्वी तिथल्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात मी सपाटून मार खाल्ला होता आणि बक्षीस-समारंभालाही न थांबता, तोंड लपवत त्याच संध्याकाळची गाडी पकडली होती. जिंकला होता सखाराम, क्लबाचा मार्कर (मेंबरांना खेळवायला ठेवलेला पगारी माणूस). माझं खोटं नाव खोडून घ्यायचं आणि सखारामशी पुन्हा एक डाव खेळायचा, एवढ्यासाठी हा प्रवास.

निजामाच्या हद्दीवर करोडगिरीच्या (जकातीच्या) शिपायाने माझी रॅकेट उलटीपालटी केली. "ये क्या, मच्छी का जाल?"

"हो, मोठे मासे धरायला चाललोय," मी म्हणालो. तो हसला नाही. त्याने माझी ट्रंक उपसून धुतलेले सदरे फलाटावर मांडले.

पूर्णेला गाडी बदलली. दोन्ही बाजूंना काळी जमीन, कापूस, मधूनच हुरड्याला आलेली ज्वारी. शेजारी बसलेल्या आखाडा बाळापूरच्या आजीबाईंनी न विचारताच भाकरी-ठेचा हातावर ठेवला. "खा बाबा. रागानं पोट भरतं का?" माझ्या तोंडावर इतकं दिसत होतं तर!

हिंगोलीत टांगा करून थेट क्लब गाठला. क्लबाचे सेक्रेटरी, एक वकीलसाहेब, पान चघळत बसले होते. मी म्हटलं, माझं नाव खोडा, सखारामचं लिहा.

"जिंकला असंल हो," ते म्हणाले, "पण नोकराचं नाव पाटीवर काहून लिहायचं? त्याला सोडलं तर पहिले तुमीच. बराबर आहे की सगळं."

"मग त्याला खेळवलंत कशाला?"

"एक गडी कमी पडत होता."

काय हा निर्लज्जपणा! गडी कमी पडला की सखाराम हवा, आणि नाव लिहायची वेळ आली की तो नोकर!

तणतणत बाहेर आलो तर सखाराम कोर्टावरच होता. केस पार पिकलेले. इथलं कोर्ट मुरमाचं, रोज शेणाने सारवायचं आणि वर चुन्याच्या रेघा मारायच्या. मला पाहताच शेणाची बादली तिथेच ठेवून, हात धुऊन आला.

"या साहेब! बॅकहँड सुधारला का तसाच हाय?"

मग मला ओढतच आत घेऊन गेला. भिंतीवर लाकडी पाटी, सोनेरी इंग्रजी अक्षरं. एका ओळीवर त्याने बोट ठेवलं. "हे माझं नाव. वकीलसाहेबांनीच सांगितलं होतं. सारवून झालं की रोज आधी हेच पुसतो मी. लेकरायला बी आणून दाखवलं. मला वाचता येत न्हाई. तुमी वाचा, तुमच्या तोंडून ऐकू द्या."

बोटाखाली माझं नाव होतं.

खोटं बोलून मोकळं व्हावं, असं क्षणभर वाटलं. पण बारा वर्षं खोट्यावरच तर फडकं फिरवत होता बिचारा. "सखारामभाऊ, हे माझं नाव आहे. तुमचं इथं कुठंच नाही."

त्याने पाटीवरचं बोट उचललं नाही. मी बाहेर गेलो, बादलीत हात बुडवला, आणि येऊन माझ्या नावावर शेण थापलं.

वकीलसाहेब धावत आले. "सखाराम, पूस ते! न्हाईतर उद्यापासून येऊ नको!"

सखारामने खांद्यावरचं फडकं काढलं, नीट घडी केली आणि टेबलावर ठेवलं. "बारा वर्सं पुसलं साहेब. आता न्हाई पुसत."

नोकरी गेलेला तो माणूस मला स्टेशनवर पोचवायला आला. रॅकेट पिशवीतून निघालीच नव्हती. गाडी हलता हलता त्याने खिडकीचा गज धरला. "साहेब, त्या दिवशी बक्षिसापर्यंत तुमी थांबले असते तर?"

वकिलावरचा राग पूर्णेपर्यंत पुरला. तिथून पुण्यापर्यंत होता तो सगळा माझ्यावरचा.