सगुणाचा आखणीचा हात

आमच्या जोहे गावातल्या मूर्तींच्या कारखान्यात गणपतीचे डोळे आखायचे ते सगुणानेच. माझी जाऊ म्हणून कौतुक करत नाही. हट्टी बाई, मला तिचा रागच यायचा. पण तिने बुबुळं काढली की मूर्ती आपल्याकडे बघायला लागायची.

लहानपणापासून तिला फिट यायची. हे घराबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. तिच्या माहेरच्या, रोह्याच्या डॉक्टरांनी नवी गोळी दिली आणि फिट थांबली, पण हात थरथर कापायला लागला. केस गळाले ते तिने सोसलं. हात कापणं सोसवेना.

"गणपती होईस्तोवर गोळी बंद," ती म्हणाली. "कोनाला बोलू नको गो."

"मनानं सोडायची नाय. डॉक्टरला इचार."

"आखणी काय डॉक्टर करनार?"

मी भांडले, रडले. तिने गोळी सोडलीच. हळूहळू हात थांबला. कारखान्याचे मालक दाजी खूश झाले, आणि मी मात्र जीव मुठीत धरून तिच्याजवळच रंगकाम करत बसायचे.

मोठ्या मूर्तीची आखणी बघायला मंडळाची माणसं नारळ घेऊन आली होती. दुसरा डोळा पुरा झाला आणि सगुणा ताठ होऊन स्टुलावरून खाली कोसळली. हातपाय झाडायला लागली.

"अंगात आलं! देव आला!" कुणीतरी ओरडलं. सगळ्यांनी हात जोडले. एकाने तिच्या तोंडाजवळ कापूर पेटवला. ती उताणी, तोंडात फेस, ओठ काळेनिळे पडलेले.

मी धावले तर दाजींनी दंड धरला. "हात नको लावू, कोप होईल."

"फिट आलीय तिला!" मी दाजींना ढकललं, कापूर उडवला, तिला कुशीवर वळवलं. फेस बाहेर आला, श्वास सुरू झाला. तेवढ्यानेही लोकांना पटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दारात बायका नारळ घेऊन देवाचा कौल मागायला उभ्या. दाजीही आले. सगुणाच्या हातातली गोळी बघून म्हणाले, "गोळीबिळी घेऊ नको आता. तुझ्या हातात देव हाय."

सगुणाने मला विचारलं, "मी मरत व्हते, तवा ही मानसं पाया पडत व्हती?"

"व्हय."

तिने सगळ्यांसमोर गोळी तोंडात टाकली आणि वर पाणी प्यायली.

"देव नाय येत माझ्या अंगात. मला फिट येते," ती म्हणाली. "नारळ घरी न्या. मी रोह्याला चालले, डॉक्टरकडं."