राहिलेला एक शॉट

जगात नट पुष्कळ झाले, पण एकाच पिक्चरच्या शूटिंगला सलग पाच वर्षं हजर राहिलेला नट आमच्या दाजींखेरीज दुसरा झाला नसेल. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. घोडेगावच्या बाजूला त्यांचं गाव, आणि तिथल्याच गुरांच्या दवाखान्यात ते पट्टीबंधक होते. डॉक्टर बैलाला सुई टोचतात तेव्हा बैलाचं शिंग धरून त्याच्याशी गोड बोलायचं, ही त्यांची नोकरी. ती त्यांनी इमानेइतबारे केली, पण तिला ते नोकरी म्हणत नसत. "सध्या दवाखान्यात हाय," असं सांगत. त्यातल्या 'सध्या'वर इतका जोर असायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, हा माणूस उद्या सकाळच्या एसटीने मुंबईला निघाला.

झालं होतं ते असं. नव्वद साल नुकतंच उलटलं होतं. पुण्याचा एक तरुण दिग्दर्शक चार मित्रांच्या भरवशावर आमच्या भागात पिक्चर काढायला आला. त्या पिक्चरमध्ये गाणी नव्हती, मारामारी नव्हती, आणि नावही अजून ठरायचं होतं. जनावरांच्या बाजारात कॅमेरा लावलेला असताना त्याला दाजी दिसले. एका हातात बैलाची वेसण, दुसऱ्या हातात औषधाची बाटली, आणि चेहऱ्यावर कुठंतरी जायला उशीर झाल्याची कळा. ही कळा दाजींच्या चेहऱ्यावर जन्मापासून होती आणि तिचा आजवर कुणाला काडीचा उपयोग झाला नव्हता. दिग्दर्शक म्हणाला, मला हाच माणूस पाहिजे. गोष्ट साधी होती. धाकटा भाऊ घर सोडून जातो, आणि थोरला भाऊ, त्याची बायको आणि म्हातारा बाप त्याची वाट बघतात. दाजी थोरले. एकोणीस दिवसांत सगळं उरकलं, फक्त शेवटचा शॉट राहिला. ओट्यावर बाप, त्याच्याशेजारी दाजी, दारात बायको. लांबून कुणीतरी येताना दिसतं आणि दाजी उठून उभे राहतात. एवढंच. पण त्या दिवशी आभाळ आलं, उजेड गेला, आणि भाड्याचा कॅमेरा संध्याकाळच्या आत पुण्याला पोचवायचा होता. निघताना दिग्दर्शकाने दाजींचा हात हातात घेऊन सांगितलं, "एकच शॉट राहिलाय. पुढच्या महिन्यात येऊन घेऊ. तोवर मिशीला हात लावू नका. सगळं आहे तसंच राहू द्या."

दुसरा कुणी असता तर मान हलवून विसरला असता. दाजींनी ते सरकारी हुकमासारखं पाळलं. मिशी डावीकडे गव्हाच्या दाण्याएवढी जास्त होती, ती तेवढीच जास्त राहावी म्हणून ते आरशासमोर कात्री घेऊन तासन्‌तास उभे राहत. दवाखान्यात शेळ्या तोलायचा काटा होता, त्यावर दर सोमवारी स्वतःला तोलत आणि वजन पावशेरभर वर गेलं की दोन दिवस अर्ध्या भाकरीवर काढत. शूटिंगमधला निळा चौकड्याचा सदरा ट्रंकेत वेगळा ठेवलेला होता, न धुता. घटस्थापनेआधी सगळ्या घराचं धुणं निघतं, त्यात एकदा ताईने तो सदराही धुऊन टाकला. दोरीवर स्वच्छ सदरा बघून दाजी मटकन खाली बसले. मग उठले आणि तो सदरा घेऊन शूटिंगच्या ओट्यावर गेले, तिथल्या मातीत लोळवला, डाव्या खांद्यावर तेलाचा डाग पाडला, खिशापाशी चहाचा. चहाचा डाग काही केल्या जुन्या रंगाचा होईना. चार पातेली चहा त्यात गेला. ताई मला म्हणाली, "माझ्या लुगड्यावर काय सांडलं तर ह्यांना दिसत न्हाई, आन् ह्यांना त्या डागाची उंची पाठ हाय."

त्यातून त्या शॉटचा सराव. दाजी आमच्या नेवाशाच्या घरी आले की बसत, आणि बसले न बसले तोच दाराकडे बघत हळूहळू उठत. माझी आई दर वेळी लगबगीने बाहेर जाऊन कोण आलं ते बघून येई. पहिल्या वर्षी तिला राग यायचा, दुसऱ्या वर्षापासून ती नुसतं बसल्या जागेवरून "कोणी नाहीये हो" म्हणायची. चहाचा कप अर्धा ठेवून ते तीनदा उठायचे. घाईत उठलो की हळू उठलो, आधी मान की आधी गुडघे, असं मला विचारायचे. मी मास्तर माणूस, मला पोरांना उभं करायची सवय, उठण्याची परीक्षा घ्यायची नाही. "छान उठलात," म्हटलं की त्यांचं समाधान होत नसे. "छान न्हाई पायजे मास्तर, खरं पायजे," म्हणायचे आणि पुन्हा बसायचे. लग्नकार्यात त्यांना पंगतीत मधे बसवणं आम्ही सोडून दिलं, कारण ते उठले की सगळी पंगत दाराकडे बघायची आणि वाढपी थांबायचे.

एवढ्यावर भागलं असतं तरी हरकत नव्हती. पण त्या शॉटमध्ये बाकीची माणसंही होती, आणि ती सगळी आहेत तशी राहिली पाहिजेत याची जबाबदारी दाजींनी आपण होऊन अंगावर घेतली. सुट्टी मिळाली की निघाले जिल्हाभर. बापाचं काम केलेले म्हातारे कर्जतकडचे, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. त्यांच्या तोंडात दोनच दात उरले होते. मुलाने त्यांना कवळी बसवायचं ठरवल्याचं कळताच दाजी दोन गाड्या बदलून कर्जतला पोचले आणि म्हणाले, "काका, अख्खा शेवट तुमच्या त्या दोन दातांवर उभा हाय." म्हाताऱ्याने मुलाला साफ सांगितलं, कवळी नको. पुढची पाच वर्षं ते आमटीत भाकरी कुस्करून जेवले. मुलगा दाजींना शिव्या देई. पण जन्मभर लोकांनी ज्यांच्या हाताकडेच बघितलं, त्या माणसाला कुणीतरी तोंड सांभाळायला सांगत होतं, आणि मला वाटतं म्हाताऱ्याला ते फार आवडलं असावं.

बायकोचं काम केलेल्या बाई नगरच्या. मुलींच्या शाळेत शिवण शिकवायच्या आणि हौसेने नाटकात कामं करायच्या. त्यांना चष्मा लागला तेव्हा दाजी शाळेच्या फाटकाशी जाऊन उभे राहिले. चष्म्याने नाकावर वळ उठतो, कॅमेऱ्याला तो दिसतो, असं त्यांचं म्हणणं. बाई म्हणाल्या, "अहो, मला सुईत दोरा ओवता येत नाही, आणि तुम्ही वळाचं काय घेऊन बसलात?" शेवटी फक्त शाळेत चष्मा लावायचा अशी तडजोड झाली. पुढे बाईंना रेडिओवर शेतकऱ्यांच्या कार्यक्रमात वहिनीचा आवाज द्यायचं काम मिळालं आणि त्यांचं चांगलं नाव झालं. दाजींनी त्याला आनंदाने परवानगी दिली. रेडिओत थोबाड जसंच्या तसं राहतं.

खरा घोर होता धाकट्याचा. ते काम सोनईच्या रफिकने केलं होतं. पाण्याच्या जळालेल्या मोटारींना नवी तार भरून द्यायचं त्याचं दुकान होतं, दिसायला देखणा, आणि एका पिक्चरने त्याच्या डोक्यात मुंबई शिरली. तो गेला, आणि वर्षभराने एका मालिकेत हवालदार झाला. दार उघडून "साहेब, गाडी सापडली" म्हणायचं, एवढंच काम. पण त्या दिवशी ज्या ज्या घरात टीव्ही होता तिथे पाय ठेवायला जागा नव्हती. सगळे टाळ्या वाजवत होते आणि दाजी एकटे कपाळाला हात लावून बसले होते, कारण रफिकचे केस बारीक कापलेले होते. ईदला तो सोनईला आला तेव्हा दाजी गेले, शीरखुर्मा प्यायले आणि मग विषय काढला. रफिक त्यांना पिक्चरमधल्यासारखं भाऊच म्हणायचा. म्हणाला, "भाऊ, येनारा मानूस मीच हाय हे त्यात दिसतंय कुठं? लांबून नुसता ठिपका दिसनार." दाजी म्हणाले, "ठिपका झाला म्हनून काय झालं? केस तर हायेतच की ठिपक्याला." रफिकने त्यानंतर केस वाढवले. हवालदाराची कामं त्यामुळे गेली. पुढे मोटारींचं ज्ञान कामाला आलं आणि तो शूटिंगच्या जनरेटरवर लागला. त्याचं बरं चाललं, पण पडद्यामागे. त्याने कधी दाजींना बोल लावला नाही, तरी मला मात्र दाजींचा त्या दिवशी मनापासून राग आला होता.

स्वतः दाजींनाही बोलावणं आलं होतं. नगरच्या कुणी व्हिडिओवर पिक्चर काढायला घेतलं होतं आणि त्यात सफाचट तोंडाचा फौजदार पाहिजे होता. दाजींनी हात जोडून सांगितलं, "मी आधीच एका पिक्चरला बांधलेला हाय." दिग्दर्शकाला ते दर महिन्याला पोस्टकार्ड टाकत. पहिल्या वर्षी दोन उत्तरं आली, 'लवकरच येतो' अशी. नंतर उत्तरं थांबली, कार्डं थांबली नाहीत. फोन करा म्हटलं तर म्हणायचे, "सरांच्या डोक्यात त्यो पिक्चर चालू असंल. मधीच घंटी कशाला वाजवायची?"

पाचव्या वर्षी दाजींचे वडील गेले. म्हातारपणाने, कुणाला त्रास न देता गेले. दहाव्याला आम्ही सगळे प्रवरासंगमाला घाटावर जमलो. थोरला मुलगा म्हणून दाजींनी डोकं आणि मिशी उतरवायची होती. न्हावी दगडावर पाण्याची वाटी ठेवून बसला होता. त्यांच्या सख्ख्या धाकट्या भावाचं उरकलं, आणि दाजी पाण्याच्या काठाने येरझाऱ्या घालायला लागले. भटजी घड्याळ बघत होते, भाऊबंद घसे खाकरत होते. त्यांचे चुलते म्हणाले, "आरं, बाप एकदाच मरतोय. मिशी धा बारी येईल." दाजी डोक्यावरून पदर घेतलेल्या बायकांकडे बघत, नदीकडे बघत आणि परत फिरत. शेवटी मला बाजूला घेऊन त्यांनी खिशातून दिग्दर्शकाच्या फोन नंबरचं एक मळकं कार्ड काढलं. "मास्तर, एवढा एक फोन करा. सरांचा शबूद आना, मंग मी बसतो. बापाला पन दिलेला शबूद मोडलेला आवडायचा न्हाई." रागावायचं माझ्या मनात होतं, ते जमलं नाही.

फाट्यावर एसटीडी बूथ होता. पहिल्या नंबरवर दिग्दर्शकाची आई भेटली, तिने दुसरा नंबर दिला. तिथे तो स्वतः आला. ठिबक सिंचनाची जाहिरात करत होता म्हणे. मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "पण पिक्चर झालं की पूर्ण. दोन वर्षं झाली. पुण्यात दोनदा दाखवलं, बाहेरही एका ठिकाणी. मी त्यांना कळवलं नाही का?" मी म्हटलं, नाही. मग मिशीचं सांगितलं, काट्यावरच्या वजनाचं सांगितलं, म्हाताऱ्याच्या दातांचं सांगितलं. तो म्हणाला, "शूटिंग संपताना मी सगळ्यांनाच तसं सांगतो हो. माझं फार चुकलं." मी विचारलं, मग शेवट काय केलात? "म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर संपवलं. तो वाट बघतोय, तिथंच."

परतताना स्कूटरवर मी एक खोटं तयार केलं. शॉट वेगळ्या तऱ्हेने घेणार आहेत, आत्ता उतरवा, पुन्हा वाढवा. चांगलं जमलंही होतं. पण घाटावर दाजी समोर आले आणि त्यांच्या तोंडाकडे बघून मला ते बोलवेना. आणखी पाच वर्षं त्यांना बांधून घालायचा मला काय अधिकार? जे होतं ते सांगून टाकलं. दाजींनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "मंग संपतोय कुठं?" मी म्हटलं, "वडिलांवर. म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर." "बरोबर हाय," म्हणाले. "बापावरच संपाया पायजे." आणि जाऊन न्हाव्यापुढे बसले. पाच वर्षांत त्यांना इतका वेळ हालचाल न करता बसलेलं मी पहिल्यांदा बघितलं. वडील गेल्यावर दहा दिवसांत न रडलेला माणूस तिथे मान खाली घालून रडला, आणि न्हावी वस्तरा थांबवून थांबवून काम करत होता.

चार दिवसांनी सगळ्यांना कार्डं गेली. कर्जतला, नगरला आणि मुंबईला एकच मजकूर: 'शूटिंग संपले. आता आपापल्या मनाप्रमाणे वागावे.' म्हाताऱ्यांनी कवळी बसवून घेतली आणि दाजींना कळवलं की तोंडात कुणीतरी पाहुणा येऊन राहिल्यासारखं वाटतं. बाईंनी सोनेरी काडीचा चष्मा घेतला. रफिकने केस कापले की नाही ते मला माहीत नाही. पिक्चर आमच्यापैकी कुणीच अजून बघितलेलं नाही.

दाजींनी मात्र पुन्हा मिशी ठेवली नाही. मला वाटायचं, सरांवरचा राग असेल. पण त्या दिवशी घाटावरून घरी आलो तेव्हाचं एक मी बघितलं होतं. त्यांच्या आई आत भिंतीला टेकून बसलेल्या होत्या, दहा दिवस धड बोलल्या नव्हत्या. दाजी दारात वाकून आत आले, आणि त्या माउली एकदम पदर डोक्यावर ओढून सावरून बसल्या. दाजींच्या वडिलांनी जन्मात कधी मिशी ठेवली नव्हती. दाजी जागच्या जागी थांबले. मग त्याच म्हणाल्या, "तू व्हय रं. ये." आम्ही सगळ्यांनी दुसरीकडे बघितलं.

वर्षा-दीड वर्षाने मी धीर करून विचारलंच, दाजी, मिशी का ठेवत नाही? ते चपला घालता घालता थांबले. म्हणाले, "ठेवली आसती. पन दवाखान्यातनं घरी गेलो की म्हातारी दाराकडं बघती. जरा येळ तिला कायतरी बरं वाटतंय. मंग मी बोलतो, आन् तिला कळतंय. म्हनून आत गेल्या गेल्या मी बोलत न्हाई."