गुरुदत्त फक्त पास झाला

२००३ साली अमेरिकेत, हर्नडनमधल्या आमच्या मराठी मंडळींत शिक्षणाची परिस्थिती अशी होती, की सर्वांत कमी शिकलेल्या माणसाकडे एकच मास्टर्स होती. अपवाद गुरुदत्त आरवाडेचा. तो दहावी नापास होता आणि ही गोष्ट तो कुणी विचारायच्या आतच सांगून टाकायचा. पुढे केलेला हात मागे घ्यावा की घेऊ नये, अशा अवस्थेत मग समोरचा माणूस क्षणभर राहायचा.

सांगलीत त्याचा मांडवाचा धंदा होता. लग्न असो, सभा असो, शोकसभा असो, लोकांच्या डोक्यावर कापड ताणायचं आणि बुडाखाली खुर्ची सरकवायची, हे काम तो मिशी फुटल्यापासून करत होता. थोरल्या भावाने, शशिकांतने, त्याच्यासाठी ग्रीन कार्डचे कागद टाकले, तेव्हा गुरुदत्तचे केस काळे होते. कागद हलले तोवर ते पांढरे झाले, आणि मुलगीही लग्न होऊन मिरजेला गेली. मग तो आणि त्याची बायको शरयू शशिकांतच्या बेसमेंटमध्ये राहायला आले. सांगलीचं गोडाउन भागीदार श्रीरंग सांभाळत होता. "मेपर्यंत सांगतो," असं गुरुदत्तने त्याला कबूल केलं होतं. "इथं हाताला काम लागलं तर राहिलो, नाहीतर परत आलो. भावाच्या घरात बसून खाणार नाही."

तो बसत नव्हताच. पहिल्या हिवाळ्यात त्याने आमच्या प्रत्येकाच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ काढला. कुणी घर बदललं की सामान गुरुदत्तच्या अंगावर. आमचे सोफे, पलंग आणि आमच्यातल्या सुमेधाचा पियानो त्याने उचलला. कुणी त्याला प्रमाणपत्र विचारलं नव्हतं.

म्हणून स्टर्लिंगजवळच्या एका फर्निचर कंपनीच्या वेअरहाउसमध्ये माणसं घेतायत असं कळल्यावर तो मोठ्या उमेदीने निघाला. गाडी माझी होती. मिसेस टिबेट्स नावाच्या भरती करणाऱ्या बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, खांद्यांकडे पाहिलं, त्यांना खांदे पसंत पडले आणि मग त्यांनी विचारलं, "हायस्कूल डिप्लोमा किंवा जीईडी?"

जीईडी म्हणजे ज्यांची शाळा राहून गेली त्यांच्यासाठीची हायस्कूलच्या तोडीची परीक्षा. गुरुदत्तकडे दोन्ही नव्हतं.

"मॅडम," तो म्हणाला. त्याचं इंग्रजी तोकडं होतं, पण त्यात संकोच नव्हता. "सोफा उचलायला अल्जेब्रा कशाला?"

बाईंनी चष्मा काढला. हा प्रश्न त्यांना पूर्वीही कुणी विचारला असावा, पण इतक्या थोडक्यात नसावा.

"सोफ्याला लागत नाही. मला लागतं," त्या म्हणाल्या. "जागा सहा आहेत आणि अर्ज त्या खोक्यात मावत नाहीत. सगळ्यांना बोलावून सोफे उचलायला लावले तर सोफ्यांचं काय होईल? म्हणून मी दोन ढीग करते. ज्याच्याकडे डिप्लोमा किंवा जीईडी, तो इकडे. नाही, तो तिकडे. इकडचा हुशार असतो असं माझं म्हणणं नाही. कुणीतरी त्याला एक कंटाळवाणं काम दिलं आणि त्याने ते अर्ध्यात सोडलं नाही, एवढंच मला त्यावरून कळतं. आमचं कामही कंटाळवाणंच आहे."

"आणि तिकडच्या ढिगात?"

"चांगली माणसं आहेत तिकडे. माझा नवरा त्याच ढिगातला आहे." बाईंनी चष्मा परत लावला. "दुसरं वेअरहाउस उघडतोय. एप्रिल संपेपर्यंत भरती आहे. परीक्षा देऊन या. मी आनंदाने इकडच्या ढिगात टाकीन."

मी दोन पदव्या आणि एक सर्टिफिकेशन घेऊन बाजूला उभा होतो. माझ्या शिक्षणाचा हेतू मला इतक्या सरळ शब्दांत तोवर कुणी सांगितला नव्हता.

त्या शुक्रवारी शशिकांतकडे पॉटलक होतं, म्हणजे प्रत्येकाने घरून एक पदार्थ आणायचा. सोफ्याला अल्जेब्रा का लागतं यावर चर्चा सुरू झाली. देवांग नागपूरचा, आमच्यात सर्वांत तरुण. त्याच्या मते हे सगळं इन्शुरन्स कंपन्यांचं कारस्थान होतं. पुण्याच्या सुमेधाच्या मते खोक्यांवरच्या धोक्याच्या सूचना माणसाला वाचता आल्या पाहिजेत. विनय म्हणाला, "सिंपल आहे यार. माणसं जास्त, जागा कमी. उद्या पीएचडी मागतील." वादाला रंग चढत होता, तेवढ्यात शशिकांतने विचारलं, "पेपर किती असतात?"

"पाच," मी म्हणालो. "गणित, विज्ञान, समाजशास्त्र, वाचन आणि लेखन. लेखनात निबंध."

सगळे खुर्चीत पुढे सरकले,  मिठाईचा बॉक्स उघडल्यावर सरकतात तसे.

इथे थोडं मागे जाऊन सांगायला हवं. गेली दोन-तीन वर्षं मंडळी खचलेली होती. डॉटकॉम बुडालं होतं, निम्मे लोक काम नसल्याने बेंचवर बसून आले होते, व्हिसाची मुदत आणि घराचा हप्ता यांच्यात झोप उडाली होती. आपण करतो त्या कामाला नक्की यश आलं की नाही, हे यातल्या कुणालाच कधी कळत नसे. निकाल लागला, नंबर पेपरात आला, गल्लीत पेढे वाटले, असं धडधडीत यश या सगळ्यांनी दहावी-बारावीत शेवटचं पाहिलं होतं. आणि आता बेसमेंटमध्ये एक माणूस राहत होता, ज्याची परीक्षा अजून व्हायची होती.

रात्रीचं जेवण गार झालं. देवांगने गणित घेतलं, विनयने विज्ञान, सुमेधाने निबंध. शशिकांत आमच्या ऑफिसात मोठमोठी प्रोजेक्ट उशिरा संपवण्याबद्दल प्रसिद्ध होता. तो प्रोजेक्ट मॅनेजर झाला. फ्रिजवर रंगीत वेळापत्रक लागलं. दर रविवारी स्टेटस मीटिंग ठरली. विनयने आईला सांगून पुण्याहून कंपासपेटी मागवली. परीक्षेला पेन्सिल तेच देतात आणि कर्कटकाचं काम पडत नाही असं कळल्यावर तो म्हणाला, "असू दे. मूड येतो."

"यांना एवढा मूड आलाय," गुरुदत्त मला म्हणाला, "की मी सोफ्यावर झोपून राहिलो तरी हे लोक परीक्षा पास होतील."

पण तो झोपला नाही. संध्याकाळी टेबलाशी बसायचा आणि एक्स म्हणजे अजून न आलेली खुर्ची असं धरून समीकरण सोडवायचा. देवांगला ही पद्धत पसंत नव्हती, पण उत्तरं येत होती. बायका शरयूला ताकीद द्यायच्या, "हे तीन महिने त्यांना कामं सांगू नका हं." शरयू म्हणायची, "मी कुठं सांगते? तुमचाच बर्फ काढायला जातात ते." त्यानंतर आठ घरांतल्या संगणक अभियंत्यांनी स्वतःचा बर्फ स्वतः काढला. त्यातल्या एकाची पाठ धरली.

फेब्रुवारीच्या शेवटी सराव परीक्षा झाली. शशिकांतच्या डायनिंग टेबलवर, घड्याळ लावून, फोन काढून ठेवून. देवांग आणि विनय सुपरवायझर. बाहेर व्हरांड्यात आम्ही उभे, हॉस्पिटलात उभे राहतो तसे. विनय निकाल घेऊन आला. पाचही पेपर सुटले होते. पास व्हायला सरासरी साडेचारशे लागत होती, गुरुदत्तची चारशे साठ भरली होती.

शरयूने हात जोडले. गुरुदत्तने मिशीवरून बोट फिरवलं. बाकीच्यांनी निकालाचा कागद हातोहात फिरवला.

"आठशेपैकी," देवांग शेवटी म्हणाला. "म्हणजे साडेसत्तावन्न टक्के."

"आमच्या घरी यावर जेवण मिळालं नसतं," विनय म्हणाला.

"पण पास व्हायला तेवढं पुरतं ना?" शरयूने विचारलं.

"पुरतं म्हणजे फक्त पास," सुमेधा समजावणीच्या सुरात म्हणाली. "पोटेन्शियल सहाशेचं आहे हो काकूंचं… सॉरी, काकांचं. निबंधात उदाहरणं कमी पडतायत."

खऱ्या परीक्षेची घेऊन ठेवलेली मार्चची तारीख रद्द करून जूनची घ्यावी असं एकमताने ठरलं. फक्त गुरुदत्तचं मत घ्यायचं राहिलं.

"दादा, भरती एप्रिलपर्यंत आहे," तो म्हणाला.

"अरे, चांगले मार्क असले तर ते थांबतील," शशिकांत म्हणाला. तो मनापासून बोलत होता. चांगल्या मार्कांसाठी जग थांबतं असा त्याचा अनुभव होता. आयुष्यभर जग त्याच्यासाठी थांबलं होतं आणि मग व्हिसा देऊन पुढे गेलं होतं.

दोन दिवसांनी गुरुदत्त माझ्या दारात. "साहेब, शनिवारी गाडी आहे?"

"कुठे जायचंय?"

"मार्चची तारीख मी कॅन्सल केलीच नाही."

"शशिकांतला काय सांगणार?"

"देवळात सफाईला जातोय असं शरयू सांगेल. तुम्हीही आहात म्हणून सांगेल. चालेल ना?"

मी सफाईला जाईन यावर कुणाचा विश्वास बसेल का, ही मला शंका होती. पण मंडळी जूनच्या नव्या वेळापत्रकाला रंग देण्यात गढली होती. शनिवारी शरयूने गाडीच्या काचेतून हात घालून त्याच्या तळव्यावर दही-साखर ठेवली, थोडी माझ्याही. आम्ही पोचलो तेव्हा परीक्षेच्या दारात रांग होती. गवंडी, स्वयंपाकी, नर्सिंग होममधल्या बायका, एक आजोबा नातवाला सोबत घेऊन. सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकच भाव, इंजेक्शनच्या रांगेतला. गुरुदत्तने आजोबांना आपल्यापुढे जागा दिली आणि आत गेला.

तो बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे लकाकत होते. "निबंधाला विषय काय आला सांगा. शेजाऱ्यांकडून तुम्ही काय शिकलात."

"मग काय लिहिलंत?"

"खरं ते लिहिलं. फार शिकवतात, म्हणून लिहिलं. उदाहरणं भरपूर दिली."

निकाल लागायला काही आठवडे होते, आणि क्लास चालूच होते. परीक्षा देऊन बसलेला माणूस रोज संध्याकाळी त्याच परीक्षेची तयारी करत होता. स्टेटस मीटिंगमध्ये देवांगने नोंदवलं की काकांचं लक्ष उडालंय. सुमेधाने त्याला बदाम खायला सांगितले. श्रीरंगचा सांगलीहून फोन आला, तुझ्या जागी दुसरा भागीदार तयार आहे, काय सांगू? "थोडा थांब," गुरुदत्त म्हणाला, आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ त्याने बीजगणिताचं पान उलटलं नाही.

एप्रिलचा शेवटचा आठवडा लागला. आम्ही निकाल घ्यायला परीक्षेच्या सेंटरवर गेलो. खिडकीमागच्या बाईने नाव विचारलं, ते तीनदा वेगवेगळं टाइप केलं आणि कागद सरकवत म्हणाली, "पास्ड."

गुरुदत्त हलला नाही. "वन्स मोअर, प्लीज."

"यू पास्ड, हनी."

पार्किंगमध्ये तो चालत नव्हता, जवळजवळ पळत होता. गाडीत बसल्यावर त्याने पट्टा लावला, काढला, परत लावला. मी घराच्या दिशेने वळायला लागलो तर म्हणाला, "घर कुठं चाललंय? वेअरहाउस."

मिसेस टिबेट्सनी प्रमाणपत्राची कॉपी काढली आणि अर्जावर एका चौकोनात खूण केली. तेवढ्यावर त्या थांबल्या. गुरुदत्त वाट पाहत होता.

"मॅडम, मार्क?"

"त्यांचं काय?"

"फर्स्ट क्लास, सेकंड क्लास… ते नाही बघत?"

"मिस्टर आरवाडे," त्या म्हणाल्या, "माझ्याकडे दोनच ढीग आहेत." आणि त्याच्या बुटांकडे बघत पुढे म्हणाल्या, "सोमवारी येताना पुढे लोखंड असलेले बूट घालून या."

त्या संध्याकाळी विनय विज्ञान शिकवायला आला. देवांग, सुमेधा आणि शशिकांतही होते. गुरुदत्तने त्यांना बसवलं, शरयूने चहा दिला, आणि तो म्हणाला, "सोमवारपासून मला यायला जमणार नाही. कामावर जायचंय."

खुलासा व्हायला जरा वेळ लागला. परीक्षा कधी दिली, कुणी नेलं, देवळाचं काय, हे सगळं विचारून झालं. माझ्याकडे काही नजरा वळल्या, मी चहा पीत राहिलो. मग चौघांनी एकदमच विचारलं, "किती?"

"पास," गुरुदत्त म्हणाला.

"ते कळलं रे गुरू. पण किती?"

"दादा, पास म्हणजे पास. तिथं कुणी विचारलं नाही."

शशिकांतच्या चेहऱ्यावर खरोखरच वेदना होती. "जूनमध्ये सहाशे पडले असते तुला."

"पडले असते. आणि श्रीरंगने दुसरा भागीदार घेतला असता, आणि वेअरहाउसमध्ये दुसरा माणूस लागला असता, आणि मी सहाशे मार्क घेऊन बेसमेंटमध्ये बसलो असतो." त्याने फोन उचलला. "सांगलीत उजाडलं असेल ना? श्रीरंगला सांगतो, राहतोय म्हणून."

तो फोनवर बोलत होता तेव्हा देवांगने दबक्या आवाजात मला विचारलं, मार्क वाढवायला हीच परीक्षा परत देता येते का. विनय म्हणाला, चौकशी करायला काय जातं. शरयूने दोघांपुढे चिवड्याची बशी ठेवली आणि तिथेच उभी राहिली.

सोमवारी सकाळी शशिकांत ऑफिसात उशिरा आला. तो भावाला वेअरहाउसच्या दारात सोडून आला होता. हातात पेढ्यांचे दोन मोठे बॉक्स होते. बावन्न वर्षांचा हा माणूस क्यूबिकल-क्यूबिकल फिरून पेढे वाटत होता, आणि त्याच्या पायांना थारा नव्हता. आमचा डायरेक्टर मीटिंगमधून बाहेर आला. त्याने विचारलं, काय विशेष?

"माय ब्रदर. हायस्कूल एक्झाम."

"ओह, ग्रेट. हाउ डिड ही डू?"

शशिकांतचं तोंड उघडलं. आकडा त्याला एव्हाना माहीत होता. आदल्या रात्री त्याने शरयूकडून काढून घेतला होता. तो सांगावा, की त्याला आठशेने भागून सांगावा, याचा हिशेब त्याच्या कपाळावर दिसत होता. मग त्याने बॉक्स पुढे केला.

"ही पास्ड," तो म्हणाला.

डायरेक्टरने दोन पेढे घेतले.