कवळी आणल्याची शिक्षा

नेट्टा टेल्फरला राग यायला कारण लागत नाही, असं खोऱ्यात सगळे म्हणत. साफ खोटं. कारण लागायचंच, आणि ते बहुतेक वेळा तिचा थोरला भाऊ डूगल असायचा.

ती विधवा, त्याने लग्नच केलेलं नाही. शिकारीसाठी राखलेल्या इस्टेटीच्या कडेच्या दगडी घरात दोघं एकत्र राहायची, भांडायची आणि एकाच किटलीतला चहा प्यायची. नेट्टाचं काम थंडीतल्या शिकारीच्या दिवसांचं. पाहुण्यांनी पाडलेले फेझंट पक्षी झुडपांत, ओढ्यात, सलगमच्या शेतात पडतात, ते कुत्र्याकडून शोधून आणवायचे. नाहीतर जखमी पक्षी कुठेतरी तडफडत पडतो. बंदूकवाल्यांना त्याचं काही नसतं, त्यांना जेवणाची घाई असते. नेट्टाला मात्र एक पक्षी मागे राहिला तरी घास गोड लागत नसे.

पण तिचा म्हातारा कुत्रा मॉस आता आंधळा झाला होता. रानाचा मुख्य रखवालदार हिस्लप याने आडपडदा न ठेवता सांगून टाकलं होतं, "नेट्टा, तुझा मान आहे, पण कुत्रा नसेल तर रांगेत जागा नाही. पुढच्या हंगामाला मला दुसरं कुणी बघावं लागेल."

म्हणजे सगळी भिस्त पिपिटवर. काळी कुळकुळीत लॅब्रॅडॉर कुत्री, अजून वर्षाचीही नाही. तिला शिकवायची नेट्टाची पद्धत ठरलेली होती. पक्ष्याच्या जागी कापडी गुंडाळीची डमी दोन-तीनदाच फेकायची आणि कुत्री 'अजून, अजून' करत असतानाच खिशात घालायची. पोट भरायच्या आत ताट उचलायचं, तरच भूक टिकते. आणि दुसरी गोष्ट तर तिने डूगलला हजारदा बजावली होती, "ती तोंडात काहीही घेऊन येऊ दे, मोजा आणू दे नाहीतर मेलेला उंदीर. आधी शाबासकी. काय आणलं ते नंतर बघायचं."

मग नेट्टा आजारी बहिणीकडे आठवडाभर गेली. परत आली, माळावर डमी फेकली, आणि पिपिटने ती पडताना पाहिली, खाली बसली आणि मान वळवली. शेपूट हललं नाही. घरी येऊन नेट्टाने डूगलला विचारलं, हिला झालंय तरी काय?

"लहान आहे गं, कंटाळली असेल," डूगल म्हणाला आणि पेपरात डोकं खुपसून बसला.

खरं काय ते दुकानात कळलं. गल्ल्यावरची बाई हसत हसत म्हणाली, "काय गं, तुमच्या कुत्रीला म्हणे दात हवे होते?" हा किस्सा डूगलनेच पबमध्ये रंगवून सांगितला होता. नेट्टा नसताना घरी मित्र जमले होते आणि शेकोटीजवळच्या स्टुलावर त्याने कवळी काढून ठेवली होती. पिपिटने ती उचलली, एक ओरखडा न उमटवता त्याच्यापुढे आणून धरली, आणि या शहाण्याने मित्रांसमोर लाज वाटली म्हणून पेपराची गुंडाळी करून तिच्या नाकावर हाणली.

नेट्टा घरी आली ती पिशवी न ठेवताच ओरडत.

"अरे, अंड्यासारखी अलगद आणली तिने! याहून सुंदर काम कुत्र्याच्या जातीने केलं नसेल, आणि तू मारलंस?"

"माझे दात होते ते! तिने चावून फोडले असते तर?"

"तर बरं झालं असतं! तोंड तरी बंद राहिलं असतं!"

"एकदा चुकलं माझं, म्हटलं ना."

"कधी म्हटलंस? पबमध्ये?"

त्या दिवसापासून घरात रोज हेच. चूल पेटवताना, बटाटे सोलताना, झोपायला जाताना नेट्टा डूगलचा उद्धार करायची. तिचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. एका फटक्यात त्याने तिचं कित्येक महिन्यांचं काम मातीत घातलं होतं. तो मात्र उलट बोलायचा थांबला. गुपचूप टोस्टचे तुकडे पिपिटला द्यायचा.

नेट्टाने डम्या कपाटात टाकल्या. शिकारीच्या दिवशी ती पिपिटला दोरीला धरून नुसती बसवायची, दुसऱ्यांचे कुत्रे पक्षी आणताना बघू द्यायची. आधी पिपिट ढिम्म. मग एक दिवस तिचे कान उभे राहिले. पुढे पुढे ती थरथरायला लागली, कुईकुई करायला लागली. तरी नेट्टाने सोडलं नाही. भूक वाढू दिली.

हंगामाचा शेवटचा दिवस हाकाऱ्यांचा. सगळी थंडी झुडपं बडवून पक्षी उठवणाऱ्यांना त्या दिवशी बंदुका मिळतात. डूगलही बंदूक घेऊन रांगेत होता. त्याच्या बाराने एक नर फेझंट पलीकडच्या सलगममध्ये कोसळला. हिस्लपने नेट्टाकडे बघितलं. तिने दोरी सोडली.

"जा!"

पिपिट सुटली. पाल्यात नुसतं काळं शेपूट दिसत होतं, आणि ते वेड्यासारखं हलत होतं. तिने पक्षी उचलला, मान वर केली आणि धावत निघाली. नेट्टाचे डोळे भरून आले. तेवढ्यात डूगल नीट बघायला एक पाऊल पुढे आला.

"हलू नकोस, गाढवा!" नेट्टा किंचाळली.

पिपिट जागीच थबकली. कान पाडले. मग नेट्टाला वळसा घालून ती डूगलपाशी गेली आणि पक्षी तोंडात धरून त्याच्यापुढे उभी राहिली.

डूगलने हात मागे घेतले. "मी घेणार नाही. पक्षी तुझ्या हातात यायला हवा."

"तुझ्याकडे? मारलंस तू, आणि आणते तुझ्याकडे?"

"मी एकदा मारलं, नेट्टा. तू रोज ओरडतेस. कुणावर ओरडतेस ते तिला काय कळणार?"

नेट्टाच्या तळपायाची आग मस्तकात गेली, कारण तो खरं बोलत होता. तोंड उघडलं असतं तर काय निघालं असतं कोण जाणे. ती पाठ फिरवून तरातरा बांधाकडे चालू लागली. थोड्या वेळाने मागे पावलं वाजली. पिपिट पक्षी सांभाळत तिच्या मागून येत होती. वळलं तर ती पुन्हा बिचकेल म्हणून नेट्टा मागे न बघता चालत राहिली. पार फाटकाशी पोचल्यावर ती ओल्या गवतात गुडघ्यांवर बसली, आणि पिपिटने आपणहून पक्षी तिच्या तळहातावर ठेवला.

"पुढच्या हंगामाला भेटू," लांबून हिस्लप ओरडला.

संध्याकाळी डूगल दबकत स्वयंपाकघरात आला. पिपिट चुलीपुढे लोळत होती. नेट्टाचा डूगलवरचा राग तिळभरही उतरलेला नव्हता, उतरायचं काही कारणही नव्हतं. नेट्टाने एकदा कुत्रीकडे बघितलं, आणि अंगाई म्हणावी इतक्या गोड आवाजात म्हणाली, "बस हो, मूर्खा. सूप गार होतंय, सत्यानाश होवो तुझा."

पिपिटने शेपूट आपटलं.

"काय म्हणालीस?" डूगलने विचारलं.

"गिळ म्हटलं, राजा," नेट्टा तशाच गोड आवाजात म्हणाली आणि त्याच्या वाडग्यात सूप वाढलं.