कूलरसमोरची उडी
कूलरमध्ये नवा वाळा भरून पाणी सोडलं की जो ओला वास सुटतो, त्यानं मला अकोल्यातली मे महिन्यातली एक दुपार आठवते. दादाला अर्धांगाचा हलका झटका येऊन गेला होता आणि त्याचा उजवा हात नुकताच वळायला लागला होता. बोटांना व्यायाम म्हणून मी त्याला हातात मावणारा एक गेम आणून दिला. लहानपणी आम्ही टीव्हीला जोडून खेळायचो ते जुने गेम त्यात चालत. आधी बरं चाललं, मग मात्र दादानं बटण दाबलं तरी पडद्यावरचा शिपाई उशिरा उडी मारून खड्ड्यात पडू लागला. दादानं गेम मांडीवर ठेवला. "माह्या हाताचं काई खरं नाई आता," तो म्हणाला. तेवढ्यात त्यानं गेममधल्या गाण्याकडे कान दिला. "पण हे गाणं काहून ढिलं वाजून राह्यलं? त्याले तं माहा हात नाई लागत." मी गेम उचलला, तर पाठीमागून तव्यासारखा तापलेला. लहानपणच्या त्या जुन्या मशीनची नक्कल करताना आतल्या इवल्याशा चिपला आधीच दम लागत होता, त्यात आमचा उन्हाळा; तापून तीच मंदावली होती. आम्ही खुर्च्या ओढून कूलरच्या तोंडाशी बसलो. गार वाऱ्यात गाणं हळूहळू जुन्या चालीवर आलं, दादानं बटण दाबलं आणि शिपाई खड्ड्यापलीकडे पोचला. दादानं उजव्या हाताची बोटं एकदा उघडून मिटली आणि पुढची उडी घेतली. यंदाही कूलरमध्ये वाळा दादानं त्याच हातानं भरलाय, आणि मी उगाच समोर बसून तो वास घेतेय.