सर्कल आलं की जोडी बदलायची

दुसऱ्यांच्या घरात काय चाललंय हे जाणून घ्यायची मला लहानपणापासून भारी हौस. त्यामुळे समोरच्या अक्का एकाएकी चर्चला जायच्या बंद झाल्या, तेव्हा मला चैन पडेना. त्यांचे यजमान नुकतेच गेले होते. त्यानंतरच्या पहिल्याच रविवारी त्या चर्चला गेल्या आणि उपासना संपायच्या आत घरी परत आल्या. मग रविवार आला की कधी त्यांचा गुडघा धरायचा, कधी नळाला पाणी यायचं असायचं. म्हैसुरात नळाला पाणी काय फक्त रविवारी येतं? पण विचारायचं कोणत्या तोंडाने!

काही महिन्यांनी त्यांच्या चर्चने एक टूम काढली. शनिवारी सकाळी सगळ्यांनी मिळून गावातून चालायचं. पाळकांचं म्हणणं असं, की रविवारी लोक आपापल्या ठरलेल्या बाकावर बसतात आणि उठून घरी जातात, मागच्या बाकावर कोण आहे याचा पत्ता नसतो. आमचं गाव चालायला सोपं. रस्ते रुंद, झाडं मोठी आणि थोडं चाललं की एक सर्कल, म्हणजे गोल चौक. म्हणून त्यांनी नियम केला, दोघादोघांनी चालायचं आणि सर्कल आलं की जोडी बदलायची. शेवटी हॉटेलात बाय-टू कॉफी. त्या वेळी जो बरोबर असेल त्याच्याशी एक कॉफी वाटून प्यायची.

पाळक अक्कांना बोलवायला आले तेव्हा मी फाटकात उभी होते. मी फाटकात नेहमीच उभी असते. अक्कांनी माझ्याकडे बोट केलं. "ह्या येत असतील तर येते."

आम्ही हिंदू, पिढ्यान्‌पिढ्या म्हैसुरात राहून घरात मराठी बोलणारे, एके काळचे कापड रंगवणारे. मी गोंधळून पाळकांकडे पाहिलं. "बन्नी बन्नी, या की," ते हसून म्हणाले, "कॉफी सगळ्यांना मिळते."

मला वाटलं होतं, कोपऱ्याकोपऱ्यावर थांबून प्रार्थना करतील. तसलं काही नव्हतं. कुणाचा मुलगा फोन करत नाही, कुणाच्या सुनेला इडली जमत नाही, मार्केटात वांगी कुठे चांगली मिळतात, असलंच बोलणं. खरं सांगायचं तर माझी थोडी निराशाच झाली. पण हळूहळू मला सगळ्यांच्या घरातलं कळायला लागलं आणि मी शनिवारची वाट बघू लागले. घरचे चिडवायचे, "आता बाप्तिस्मा कधी?"

अक्का मात्र जोडी बदलत नसत. सर्कल आलं की माझा दंड घट्ट धरायच्या आणि सगळ्यांना सांगायच्या, "ह्यांना इथं ओळखीचं कुणी नाही, पाप." कन्नडात पाप म्हणजे बिचारी. बिचारी मी! तोवर मला अर्ध्या चर्चचे आजार तोंडपाठ झाले होते.

एका शनिवारी अक्कांना ताप आला आणि मी एकटीच गेले. निमित्त त्यांचं आणि जाते मी! त्या दिवशी माझ्या जोडीला एक चाळिशीचा माणूस आला. चालता चालता माझ्या तोंडून काही मराठी निघालं आणि तो थांबलाच. "काकू, तुम्ही मराठी?"

तो नगरकडचा. गावाबाहेर कडकोळच्या कारखान्यात बदली होऊन आलेला, बायको-मुलं तिकडेच. "तुमचं मराठी गोड आहे," तो म्हणाला. मोडकं आहे असं म्हणायचं होतं त्याला. मी सोडून दिलं.

पुढच्या सर्कलपर्यंत त्याने सगळं सांगून टाकलं. "तुमच्याबरोबर असतात ना त्या बाई, त्यांच्या मिस्टरांच्या जागेवर मी बसलो होतो. नवीन होतो, मला काय माहीत? त्या रडत उठून गेल्या. तेव्हापासून मी शेवटी खांबामागे बसतो. माझ्यामुळे एका बाईचं चर्च सुटलं काकू. आता मीच यायचं बंद करावं म्हणतो."

मी तशीच अक्कांच्या घरी गेले आणि सांगितलं. "गोत्तु," माहीत आहे, एवढंच म्हणून त्यांनी दार लावून घेतलं. आठवडाभर दार उघडलं नाही. माझ्या चौकसपणाचा मला पहिल्यांदाच राग आला.

पण शनिवारी त्या चपला घालून बाहेर आल्या. पहिलं सर्कल आलं, त्यांनी माझा दंड सोडला आणि सरळ त्या माणसासमोर जाऊन उभ्या राहिल्या. दोघांनाही कामापुरतं इंग्रजी येत होतं. पण अक्का मला म्हणाल्या, "हे मला कन्नडातच सांगता येईल. तुम्ही सांगा त्याला." मग आम्ही तिघं चालायला लागलो, मी मधे.

तो आधी बोलला. "काकू, त्यांना सांगा, मला माफ करा."

अक्कांनी मान हलवली. "रागावून नाही उठले मी. आमचं दोघांत एकच गाण्यांचं पुस्तक. त्या दिवशी गाणं सुरू झालं, डोळ्याच्या कोपऱ्यातून शर्टाची बाही दिसली आणि मी सवयीने पुस्तक सरकवलं. ह्याने दुसरं टोक धरलं. मला वाटलं, आमचे आले. खूश झाले मी. नवऱ्याला पुरून आले होते आणि मी तिथं खूश होऊन गात होते. मग वळून बघितलं."

हे सांगायला माझ्याजवळचं मराठी पुरेना. जेवढं जमलं तेवढं सांगितलं. तो म्हणाला, "पुस्तक धरलं खरं, पण मला कन्नड वाचता येत नाही. मी नुसतं तोंड हलवत होतो."

ते मी कन्नडात सांगितलं. अक्का भर रस्त्यात थांबल्या आणि अशा हसल्या, की पुढच्या जोड्या वळून बघायला लागल्या.

"आमचेही तेच करायचे! एवढ्या वर्षांत एक ओळ गायले नाहीत. नुसतं तोंड हलवायचे. गळा माझा, कौतुक दोघांचं." हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्यांनी ते पुसलं नाही. "त्याला सांगा, खांबामागे बसायचं नाही. उद्या माझ्याजवळ बसायचं. मी ओळीवर बोट ठेवून अक्षरं शिकवीन. पण गायचं म्हणावं. तोंड हलवणारा एक झाला, तेवढा पुरे."

मी सांगितलं. तो माणूस तोंडावर हात धरून रडायला लागला. अक्का माझ्याकडे बघत होत्या, तो काय म्हणाला ते ऐकायला.