तळघरातल्या फ्रीजरचं कुलूप

आर्डिस टोलेफ्सनला नवऱ्याचा संशय आला, तो त्यानं भांडण केलं म्हणून नव्हे. केलं नाही म्हणून. घटस्फोटाच्या वाटणीत व्हर्लिननं घर विकून निम्मे पैसे द्यायला मान डोलावली, तळ्यावरची बोट सोडली आणि मागितलं काय, तर तळघरातला जुना आडवा फ्रीजर.

पाणी कुठंतरी मुरतंय, हे तिनं तिथंच ओळखलं. मिनेसोटातले तीस हिवाळे हा माणूस लोकांच्या दारातला बर्फ ट्रकनं लोटत होता. लोक रोख देत. ते डॉलर गेले कुठं? फ्रीजरला कुलूप तिचं, पण नोव्हेंबरात हरणाची शिकार झाली की तो किल्ली मागून घेई आणि पांढऱ्या कागदातल्या मांसाच्या पुड्या एकटाच खाली रचून येई. मदतीला म्हणून कधी हाक मारली नाही.

फ्रीजर द्यायचा नाही, असं तिनं वकीलबाईंना सांगितलं. बाई म्हणाल्या, "आर्डिस, माझ्या एका पत्राच्या पैशात असले दोन येतील." आर्डिसनं तीन पत्रं धाडायला लावली. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! इकडे घराचं गिऱ्हाईक शुक्रवारपर्यंतच थांबणार होतं. सह्या लांबल्या तर ते जाणार, आणि चर्चजवळ तिनं हेरून ठेवलेली दोन खोल्यांची जागाही जाणार. रोज सकाळी प्रार्थनेत ती देवाकडे तीच जागा मागे, पण आमेन म्हणता म्हणता मन तळघराचा जिना उतरू लागे.

गुरुवारी दुपारी ती सुरी घेऊन खरोखरच उतरली. एक पुडी फोडली, मांस. दुसरी, मांस. घर तापवणाऱ्या भट्टीशेजारी ढीग लागला. फ्रीजरचा तळ दिसला तेव्हा तिची बोटं बधिर झाली होती आणि ढिगातून पाणी सुटलं होतं. डॉलर एकही नव्हता.

देवानं दिलेलं अन्न नासवायचं पाप तिला सोसेना. तिनं व्हर्लिनलाच फोन लावला.

त्यानं येऊन पसारा पाहिला. मग फ्रीजरमधून काढून कडेला ठेवलेला, चिकटपट्टीनं गुंडाळलेला तिचा पत्र्याचा डबा उचलून त्यानं कानाशी हलवून बघितला.

"काय आहे गं यात?"

"चर्चसाठी नाताळची बिस्किटं. तू फस्त करतोस, म्हणून तर कुलूप."

"बिस्किटांना एवढी पट्टी? मला वाटलं, तुझ्या शिवणकामाचे पैसे दडवलेस."

"म्हणून फ्रीजर हवा होता होय तुला?"

"मग काय, नाहीतर या फ्रीजरचं झाकण तरी धड बसतं का?"

"आणि तुझे बर्फाचे पैसे?"

"ट्रकनं खाल्ले. तीनदा गिअरबॉक्स बदलला, बाई."

तिनं त्याला निरखून पाहिलं. खरं वाटेना, आणि खोटं म्हणायलाही जीभ रेटेना. खोदून काढायचं तर आणखी एक पत्र, आणि शुक्रवार उद्यावर आलेला. तिनं खिमा करायचं यंत्र काढून त्याच्यापुढं ठेवलं. संध्याकाळपर्यंत त्यानं दांडा फिरवला, तिनं कांदा-मिरी घालून सगळं शिजवलं. वाटे समान झाले का, हे दोघांनीही डोळ्यांच्या कोपऱ्यातून तपासलं. फ्रीजर चर्चला द्यायचा ठरला.

दुसऱ्या दिवशी सह्या करताना आर्डिसला व्हर्लिनच्या कोटाच्या खिशावर साखरेची पांढरी भुकटी दिसली. नाताळच्या बिस्किटांवरचीच. तिनं तोंड उघडलं, आणि मिटलं. मिनिटागणिक पैसे लावणारं वकीलबाईंचं घड्याळ चालू होतं.